टपालाने आलेलं कॉलेज

मी मूळ पेडण्याचा. मुरगाव बंदरात कारकून लागलो नि वास्कोकर झालो. पाळीच्या नोकरीत कॉलेज कुठलं? पण दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं होतं, मुंबईने १९७१ साली. मुंबईच्या टिपणांचं खाकी पाकीट पोस्टमन आणून द्यायचा. शंका मात्र विचारायची कोणाला? मग आम्ही चौघे वास्कोतल्या बायण्यात एका खोलीवर जमू लागलो. अर्थशास्त्र ज्याला उमगलं त्याने ते समजवायचं, हिशेबाची वही माझ्याकडे. स्टोव्हवर चहा, वादावादी मध्यरात्रीपर्यंत.

पुढे १९८५ साली इग्नू हे मुक्त विद्यापीठ आलं, अभ्यासकेंद्रं निघाली. २००५च्या सुमारास शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज सीमेन्स यांनी ‘कनेक्टिव्हिझम’ हा शिकण्याबद्दलचा सिद्धांत मांडला: ज्ञान माणसामाणसांतल्या जोडण्यांत असतं. आमची पदवी तशीच तर झाली. पाकीट एकेकट्याच्या नावाने आलं, पण पास झालो ते एकमेकांच्या जिवावर.