खैराटचे हिरवे लॅपटॉप

कर्जत तालुक्यातलं खैराट हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलं असेल? रायगड जिल्ह्यातली लहानशी वस्ती. एकशिक्षकी शाळा, एकच खोली, त्यात पहिली ते चौथीची वीस-बावीस मुलं. २००७ साली या मुलांच्या हाती हिरवे-पांढरे, दोन कान वर केलेल्या सशासारखे दिसणारे लॅपटॉप आले. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ हा जागतिक उपक्रम भारतात पहिल्यांदा इथे उतरला. मुंबईत नाही, पुण्यात नाही, खैराटला!

कल्पना अमेरिकेतल्या एमआयटीच्या निकोलस निग्रोपोंटे यांची. शंभर डॉलरचा लॅपटॉप त्यांनी २००५ मध्ये जाहीर केला आणि त्याच वर्षी ट्युनिसच्या परिषदेत कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत नमुना दाखवला. त्याला वीज तयार करायला हाताने फिरवायचा दांडा होता. विक्रीच्या यंत्रात तो दांडा राहिला नाही आणि किंमतही शंभरात बसली नाही. पण वस्तू अस्सल होती. दीड किलोच्या आत वजन, धूळ आत जाऊ नये असा रबरी कीबोर्ड, भर उन्हात वाचता येणारा पडदा. आमच्या हिंगोलीच्या उन्हात तो चालला असता.

भारत सरकारच्या शिक्षण खात्याने मात्र २००६ मध्येच नकार दिला होता. आधी वर्गखोल्या आणि शिक्षक, मग यंत्रं, असं खात्याचं म्हणणं. मी जन्मभर फळ्यासमोर उभा राहिलो, मला ते तेव्हा पटलं आणि आजही बरंचसं पटतं. पेरू देशाने लाखो लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये तिथला अभ्यास प्रसिद्ध झाला, तर गणित आणि भाषा या विषयांत फरक दिसला नाही. यंत्र आलं, पण त्यावर काय शिकवायचं हे गुरुजींना कोणी धड सांगितलं नाही, तर दुसरं काय होणार?

असो. पण एक गोष्ट मनातून जात नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. गणेश विसर्जनाची रात्र संपत आली होती. हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरल्या, पाट्या-पुस्तकं गोळा झाली. त्या मुलांना आधी हवा होता तो ओळखीचा गुरुजी आणि ठरलेली वेळ. लॅपटॉप असता तरी पहिले काही महिने तो बाजूलाच पडला असता, असं मला वाटतं. आमच्याकडेही जमीन हादरते. २०२४ च्या मार्च आणि जुलैमध्ये हिंगोलीत ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, लोक घराबाहेर पळाले.

२०२० चं संकट वेगळं होतं. भिंती शाबूत, पण शाळा बंद. गुरुजी होते, पण भेटायची सोय नव्हती. शिक्षण मोबाईलवर आलं आणि मोबाईल बापाच्या खिशात, बाप शेतात! संध्याकाळी तो घरी येईपर्यंत धडा संपलेला. एका घरात तीन भावंडं असतील तर विचारूच नका. मुलाच्या स्वतःच्या मालकीचं यंत्र, जे घरी न्यायचं, हा निग्रोपोंटे यांचा आग्रह तेव्हा मला पहिल्यांदा उमगला.

आणि ऊसतोडीची मुलं? आमच्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबं निघतात ती उन्हाळा लागल्यावरच परततात. पोरं फडावर, कोपीत. शाळेच्या खोलीत कितीही संगणक बसवा, या मुलाला त्याचा उपयोग शून्य. दर वर्षी पाच-सहा महिने गावाबाहेर राहणाऱ्या या मुलाच्या दप्तरात दीड किलोचं ते हिरवं यंत्र, त्यात मराठी पुस्तकं आणि गणितं, आणि पंधरा दिवसांतून एकदा फडावर फेरी मारणारा एखादा मास्तर... खैराटनंतरचा दुसरा प्रयोग ऊसतोडीच्या टोळीबरोबर करायला हवा होता.