घरात कोण ऐकतंय?

आत्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसमध्ये होतो. "अरे, घरात कुणीतरी काहीतरी बसवलंय. आम्ही रात्री बोलतो ते सकाळी त्यांना माहीत असतं." 'त्यांना' म्हणजे आतोबांच्या सख्ख्या भावाच्या घरी. पेणजवळच्या जमिनीची वाटणी अडलेली. वकील काय म्हणाले, किती गुंठ्यांवर तडजोड करायची, हे रामवाडीच्या घरात, स्वयंपाकघरात ठरायचं आणि तिकडे पोचायचं.

लपवलेले माइक शोधून देणारे व्यावसायिक असतात. मुंबईतल्या एकाला दर विचारला. आकडा ऐकून आत्या म्हणाली, "तेवढ्यात कोर्टाच्या चार तारखा होतील. तू इंजिनियर ना? तूच बघ." शनिवारी पेणला जाण्याआधी मी ही माणसं नक्की काय करतात ते वाचत बसलो, आणि इतिहासात अडकलो.

सगळ्यात गाजलेली गोष्ट मॉस्कोची. ४ ऑगस्ट १९४५ रोजी सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकेच्या राजदूताला लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा भेट दिली. ती त्याच्या निवासस्थानी, अभ्यासिकेत सात वर्षं टांगलेली होती. आत होती धातूची एक छोटी डबी, पातळ पडदा आणि अँटेना. बॅटरी नाही, वायर नाही. बाहेरून रेडिओलहरी सोडल्या की पडद्याची थरथर त्या लहरींवर उमटायची. रचना होती लेव्ह थेरेमिनची, ज्याच्या नावाचं वाद्य आजही वाजतं. लहरी बंद असताना ते निव्वळ लाकूड आणि धातू. तपासणीत सापडणार काय?

१९५२मध्ये ते सापडलं ते एका युक्तीने. तंत्रज्ञांनी राजदूत जॉर्ज केनन यांना अभ्यासिकेत बसून सेक्रेटरीला मजकूर सांगत राहायला सांगितलं. पलीकडच्यांना ऐकावंसं वाटलं, त्यांनी लहरी सोडल्या, आणि तंत्रज्ञांच्या यंत्राने त्या पकडल्या.

आपल्याकडची गोष्ट मुंबईची. १९६०च्या सुमाराला महापालिकेच्या एका कारकुनाला एक जण लाच देऊ पाहत होता. कारकुनाने पोलिसांना कळवलं. त्याच्याच घरी बाहेरच्या खोलीत पुस्तकांमागे माइक लपवला, टेपरेकॉर्डर आणि पोलीस आतल्या खोलीत. पाहुणा आला, बोलला, अडकला. 'युसुफअली इस्माइल नागरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात १९६७ साली सुप्रीम कोर्टाने ती टेप पुरावा म्हणून मान्य केली. टेप सीलबंद ठेवली नव्हती, त्यामुळे तिच्यात फेरफाराची शंका निघू शकते, हेही कोर्टाने नोंदवलं. पुढे १९७२मध्ये, मुंबईच्या कॉरोनरचं फोनवरचं बोलणं पोलिसांनी टेप केल्याच्या खटल्यात कोर्ट म्हणालं की बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती होती, त्यामुळे टेलिग्राफ कायदा मोडला नाही.

दोन्ही शहरांत माइक दारातूनच आत आला होता. एकीकडे भेटवस्तूतून, दुसरीकडे यजमानाच्या हाताने.

आजचे शोधक आधी खोलीतल्या रेडिओलहरी मोजतात. मग 'नॉन-लिनिअर जंक्शन डिटेक्टर' नावाचं यंत्र भिंतीवरून, फर्निचरवरून फिरवतात. ते लहरी सोडतं आणि ट्रान्झिस्टर, डायोडसारख्या भागांकडून येणारा वेगळा प्रतिसाद ओळखतं, उपकरण बंद असलं तरी. गंजलेलं लोखंडही त्याला फसवतं, म्हणजे कोकणातल्या घरात प्रत्येक खिळा संशयित. मॉस्कोच्या डबीत मात्र असा एकही भाग नव्हता. ट्रान्झिस्टर तर जन्मलाच १९४७मध्ये.

यंत्रांनाही मर्यादा असतात. २०१० साली तेव्हाचे अर्थमंत्री प्रणब मुखर्जी यांच्या कार्यालयात सोळा ठिकाणी चिकट पदार्थ सापडला. तपासणीला खाजगी तज्ज्ञ बोलावले होते. त्यांना हेरगिरीचा संशय आला. पुढे सरकारी तपासात तो च्युइंगमसारखा पदार्थ ठरला. माइक एकही मिळाला नाही.

शनिवारी मी स्विचबोर्ड उघडले, एक्स्टेन्शन बोर्ड उघडला, देव्हाऱ्यातला विजेचा दिवासुद्धा. काही नाही. मग इतिहासातून शिकलेला प्रश्न विचारला, "गेल्या वर्षभरात घरात नवीन काय आलं? कुणी आणून दिलं, कुणी लावून दिलं?"

आत्या आठवत गेली. मिक्सर, पंखा, आतोबांचा फोन. "फोन पुतण्याने चालू करून दिला. तेव्हा बोलणं होतं ना आपलं."

फोन घेतला. व्हॉट्सॲपच्या लिंक केलेल्या उपकरणांत एक अनोळखी कॉम्प्युटर होता. त्याच दिवशी सकाळी वापरलेला. आतोबांना टाइप करायचा कंटाळा. रोज रात्री ते मुंबईतल्या मुलाला दिवसभराचं सगळं आवाजी मेसेजमधून सांगायचे. वकील, गुंठे, आकडे.

कुठलंही डिटेक्टर फिरवलं असतं तरी हे सापडलं नसतं. घरात परकं यंत्र नव्हतंच.

आतोबा काही बोलले नाहीत. आत्या बराच वेळ फोनकडे बघत राहिली. "त्या दिवशी जेवून गेला रे तो. मी वडे केले होते."

मी लॉग आउट दाबलं. म्हणजे आपल्याला कळलंय, हे आता तिकडेही कळलं असणार.