नादुरुस्तीची नोंद

२६ एप्रिल १९९३, सोमवार. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. दुपारी एकच्या सुमाराला आपल्या चिकलठाण्याहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ धावपट्टी संपली तरी पुरेसं वर उठलं नव्हतं. टोकापलीकडे बीडचा रस्ता. त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चाललेला. विमानाची डावी चाकं आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकला धडकला. विमान तसंच पुढे तीनेक किलोमीटर गेलं, उच्च दाबाच्या वीजतारांना लागलं आणि पडलं. आत ११८ माणसं होती. त्यातली ५५ गेली.

माझे मामू त्या काळात ट्रक चालवायचे, बहुतेक बीड-गेवराईच्या बाजूला. गावात बातमी पसरली तशी अम्मी दारात येऊन उभी राहिली. ट्रक कोणाचा, हे सांगणारं कोणी नव्हतं. मामू रात्री नऊला घरी आले आणि अम्मी त्यांच्यावरच ओरडली.

मामूंच्या ट्रकमध्ये काही ना काही बंद असायचंच. कधी डावा इंडिकेटर, कधी हॉर्न, कधी इंधनाचा काटा. डिझेल किती आहे हे ते टाकीत काठी घालून बघायचे. विचारलं की म्हणायचे, "चलता है, बेटा. पुढच्या फेरीला बघू." काय बंद आहे आणि ते कधी दुरुस्त करायचं, हा सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात. कागदावर काही नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका विमानात माझ्या डोक्यावरचा वाचायचा दिवा लागेना. मी कुरकुर केली. माझ्या एका मित्राचा मुलगा विमानदुरुस्तीच्या कामात आहे. परत आल्यावर त्याला हे सांगितलं, तर तो हसला. "चाचा, दिव्याचं काय घेऊन बसलात? याहून मोठ्या वस्तू बंद असतानाही विमान उडतं. आणि ते कायदेशीर असतं."

मला घाम फुटला, हे कबूल करतो. मग त्याने समजावलं. विमानात हजारो वस्तू असतात. त्या सगळ्या एकाच वेळी ठणठणीत असायला हव्यात असा हट्ट धरला तर विमानं बहुतेक जमिनीवरच राहतील. महत्त्वाच्या बऱ्याच यंत्रणा मुळातच दोन-दोन, तीन-तीन असतात. म्हणून एक यादी असते, मिनिमम इक्विपमेंट लिस्ट. कोणती वस्तू बंद असताना, कोणत्या अटीवर आणि किती दिवस उडता येईल, हे त्यात लिहिलेलं असतं. त्या त्या जातीच्या विमानाची मूळ यादी निर्माता तयार करतो आणि सरकारी यंत्रणा ती मंजूर करते. तिच्या आधारे प्रत्येक विमान कंपनी स्वतःची यादी करते. ती मूळ यादीपेक्षा कडक असू शकते, सैल नाही. आपल्याकडे ती ‘डीजीसीए’ने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मंजूर करावी लागते. दुरुस्तीच्या मुदतीही ठरलेल्या आहेत. वस्तूप्रमाणे कुठे तीन दिवस, कुठे दहा, कुठे एकशेवीस. बंद वस्तूजवळ तशी चिठ्ठी लागते, वहीत नोंद होते. आणि यादी परवानगी देत असली तरी कॅप्टनला वाटलं तर तो नाही म्हणू शकतो. चाकं घसरू न देणारी ब्रेकची यंत्रणा बंद असेल तर जास्त लांब धावपट्टी लागते. म्हणजे जी नादुरुस्ती दिल्लीत चालेल, ती आखूड धावपट्टीच्या गावी, एप्रिलच्या दुपारी, भरलेल्या विमानाला चालेलच असं नाही. तापलेली हवा विरळ असते, विमानाला उठायला जास्त अंतर लागतं.

थोडक्यात, मामूंचंच ‘चलता है’, पण लिहून, तारीख टाकून आणि सही करून.

पण लिहिलेलंही फसतं. जुलै १९८३ मध्ये कॅनडात एअर कॅनडाचं अगदी नवं बोइंग ७६७ इंधनाचे काटे कोरे असताना उडालं. आदल्या दिवशी एका तंत्रज्ञाने एक स्विच बंद ठेवून काटे तात्पुरते चालू केले होते आणि तशी चिठ्ठी लावली होती. मॉन्ट्रियलला दुसऱ्याने तपासायला तो स्विच चालू केला, आणि मध्येच दुसरं काम निघाल्याने तो तसाच राहिला. काटे कोरे झाले, चिठ्ठी मात्र जागेवर. कॅप्टनने काटे पाहिले, चिठ्ठी पाहिली आणि ही तीच जुनी गोष्ट असा समज करून घेतला. खरं तर सगळेच काटे बंद असताना उडायला यादीची परवानगी नव्हती. मग इंधन मोजलं कसं? मामूंसारखंच, टाकीला पट्टी लावून. त्यात लिटरचं किलो करताना पाउंडाचा गुणक वापरला गेला. हवं होतं २२,३०० किलो. भरलं गेलं त्याच्या निम्म्याहूनही कमी. ४१ हजार फुटांवर दोन्ही इंजिनं थांबली. वैमानिकांनी ते धूड तरंगत नेऊन गिमली नावाच्या गावी, हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. तिथे त्या दिवशी मोटारींच्या शर्यतीची मंडळी जमली होती. ६९ जण होते, सगळे वाचले.

ब्राझीलमधल्या माणसांचं नशीब एवढं नव्हतं. १७ जुलै २००७ रोजी साओ पाउलोच्या काँगोन्यास विमानतळावर एक एअरबस उतरली. इंजिनाचा झोत उलटा फिरवून विमान थोपवणारी यंत्रणा उजव्या बाजूला बंद होती. नियमाने बंद, नोंद केलेली. पाऊस पडलेला, धावपट्टी आखूड. उतरताना उजव्या इंजिनाचा दांडा मागे न येता पुढेच राहिला. त्यामुळे एक इंजिन विमानाला पुढे ढकलत राहिलं. १९९ माणसं गेली. यंत्रणा बंद होती एवढ्याने विमान पडलं नाही, हे खरं. पण एक वस्तू बंद असली की तिचा भार वैमानिकाच्या लक्षावर येतो. यादीतली मुदत दिवसांत मोजतात, हा भार कशात मोजायचा ते मला कळलेलं नाही.

आणि काही वस्तूंना तर पर्याय असूनही भागत नाही. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे जम्बो मुंबईहून दुबईला निघालं आणि काही क्षणांत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. विमान कोणत्या बाजूला कललं आहे ते दाखवणारं कॅप्टनसमोरचं उपकरण उड्डाणानंतर बिघडलं. सहवैमानिकासमोरचं उपकरण चालू होतं. पण बाहेर काळोख, खाली काळा समुद्र, आणि माणूस आपल्या डोळ्यासमोरच्या काट्यावर विश्वास ठेवतो. हा बिघाड यादीतून आलेला नव्हता. पण एकाच वस्तूचे दोन नग ठेवूनही काय होऊ शकतं, ते त्या रात्री दिसलं.

आपल्या देशात या यादीची चर्चा अलीकडे झाली ती २०२२ च्या जुलैमध्ये. एकामागून एक विमानांत बिघाड होत होते. ‘डीजीसीए’ने अचानक तपासण्या केल्या. बिघाडाचं कारण नीट शोधलं जात नाही, यादीच्या आधारे विमानं सोडण्याचं प्रमाण वाढतं आहे, आणि मधल्या थांब्यांवर पुरेसे अधिकार असलेला इंजिनिअर नसतो, असं आढळलं. मग तसा इंजिनिअर असल्याशिवाय विमान सोडू नये असा हुकूम निघाला. आपल्या गावासारख्या ठिकाणी विमान येतं आणि लगेच जातं. तिथे सही करणारा माणूस कोण, हा प्रश्न लहान नाही.

१९९३ च्या अपघाताकडे मी याच नजरेने पुन्हा पाहतो. चौकशीत मुख्य दोष वैमानिकांवर आला. विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं, असा निष्कर्ष निघाला. पण त्याबरोबर दुसरंही लिहिलं गेलं. विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक विमानतळ प्राधिकरणाने आवरायला हवी होती, ती आवरली नाही. म्हणजे तिथेही एक गोष्ट बंद होती. विमानातली नव्हे, रस्त्यावरची. तिला चिठ्ठी नव्हती, मुदत नव्हती, वहीत ओळ नव्हती. मित्राच्या मुलाला मी विचारलं, असला रस्ता तुमच्या यादीत येतो का? तो जरा वेळ गप्प राहिला. "नाही चाचा. यादी विमानाची असते."

मामू त्यानंतरही पुष्कळ वर्षं त्याच रस्त्याने गेले. धावपट्टीच्या टोकाशी आले की काच खाली करून ते कान द्यायचे. एकदा मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. आवाज आला, त्यांनी ट्रक कडेला घेतला. विमान आमच्या डोक्यावरून बरंच उंचावरून गेलं. मामूंनी पुन्हा गिअर टाकला. डावा इंडिकेटर त्याही दिवशी बंद होता.