आनंदीबाईंचे इंग्रजी बोलणे

इंग्रजी वाचलेले समजते, चार ओळी लिहिताही येतात, पण समोरच्याने दोन शब्द विचारले की जीभ टाळ्याला चिकटते, अशी तक्रार आपल्या मंडळाच्या इंग्रजी वर्गातील भगिनी नेहमी करतात. "हाऊ आर यू?" "फाइन." झाले, संभाषण संपले! शब्द कमी पडतात म्हणून असे होते, असे सगळ्या म्हणतात. मला तसे वाटत नाही. आपल्या आधीच्या बायका इंग्रजी कशा शिकल्या हे पाहिले म्हणजे खरी उणीव कशाची, ते ध्यानात येते.

रमाबाई रानडे यांचे लग्न 1873 साली झाले. न्यायमूर्तींनी त्यांना आधी मराठी व मग इंग्रजी शिकविले. घरातील वडील बायकांना ते मुळीच रुचले नाही. टोमणे आणि अबोला किती सोसावा लागला, ते रमाबाईंनी 1910 साली निघालेल्या आपल्या 'आठवणीं'त सांगितले आहे. वाचन पुष्कळ झाले. पण माजघरात त्यांच्याशी इंग्रजीत दोन शब्द बोलणार कोण? पुढे घरोघरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आली. नियम शिकावा, शब्द पाठ करावेत, वाक्ये मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत करावीत. त्या पुस्तकाचे उपकार फार मोठे आहेत. पण वहीतल्या वाक्याला उलट उत्तर येत नाही, हेही खरेच.

आनंदीबाई जोशी यांना असे उत्तर देणारे माणूस मिळाले, आणि तेही सातासमुद्रापलीकडे. गोपाळरावांनी 1878 साली कोल्हापुराहून एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्नीच्या शिक्षणाविषयी लिहिले. ते पत्र अमेरिकेत 'मिशनरी रिव्ह्यू'मध्ये छापले गेले. 1880 साली न्यू जर्सीतील थिओडिशिया कारपेंटर नावाच्या गृहिणी दातांच्या डॉक्टरकडे ताटकळत बसल्या होत्या. तेथे तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी आपण होऊन पत्र धाडले. आनंदीबाई तेव्हा अवघ्या पंधरा वर्षांच्या होत्या, आणि जन्मलेले मूल दहा दिवसांत गमावून बसल्या होत्या.

या पत्रांत काय असे? हिंदूंच्या चालीरीती, धर्म, बालविवाह आणि त्याने बायकांच्या प्रकृतीवर होणारे परिणाम. म्हणजे जे रोज डोळ्यांपुढे होते आणि अंगावर निभावले होते, तेच. विषय शोधायला पुस्तक उघडावे लागत नव्हते. तिकडून विचारणा यायची, इकडून उत्तर जायचे. थोड्याच दिवसांत कारपेंटरबाई 'मावशी' झाल्या. नाते जुळल्यावर व्याकरणाची भीती राहील कशी? आपल्याकडे आगगाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईशी आपण तासभर बोलतो, ते काय व्याकरणाच्या जोरावर?

पुढचा प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आनंदीबाई अमेरिकेला निघणार म्हटल्यावर लोक त्यांना गाठून नाना प्रश्न विचारू लागले. अमेरिकेलाच का? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकटीच का जाता? परत आल्यावर जातीबाहेर टाकणार नाहीत का? संकट आले तर काय कराल? जे कोणत्याच बाईने केले नाही ते तुम्हीच का करावे? दुसरी असती तर रडली असती किंवा दार लावून बसली असती. आनंदीबाईंनी हेच प्रश्न घेतले आणि 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूरच्या (बंगालमधील, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नव्हे) कॉलेजात इंग्रजीतून एकेकाला उत्तर दिले. अठरा वर्षेही पुरी झाली नव्हती. रस्त्यातल्या बोलण्याचेच ते भाषण झाले.

म्हणून वर्गात मी भगिनींना एवढेच सांगते, की कोणी खुशाली विचारली तर "फाइन" म्हणून थांबू नका. सकाळी नळाला पाणी आले नाही, नातवाला पडसे झाले, असे घरचे काहीतरी जोडा, आणि मग तिच्या घरचे विचारा. क्रियापद चुकले तर चुकू द्या. प्रश्न मात्र परत टाका.

एप्रिल 1883 मध्ये कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या आणि रोझेल गावी मावशींच्या घरीच राहिल्या. तीन वर्षांच्या पत्रांनंतर ते बोलणे आता तोंडी सुरू झाले. 1886 साली त्या फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या, आणि पुढच्याच वर्षी पुण्यास वारल्या. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी मावशींकडे पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कारपेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या आहेत.