अंगणात उतरलेलं शिसं : झाम्फाराची हकिकत



आफ्रिकेतल्या नायजेरिया देशाच्या वायव्येला झाम्फारा नावाचं राज्य आहे. तिथली खेडुत मंडळी हौसा भाषा बोलणारी, ज्वारी-बाजरी पिकवणारी, आपल्यासारखीच पावसाकडे डोळे लावून बसणारी. २०१० साली त्यांच्यावर जे गुदरलं, त्याचं मूळ मातीत होतं.

या भागात जमिनीखाली सोन्याच्या शिरा आहेत. लोक पूर्वीपासून थोडंफार खणत. पुढे जगात सोन्याचा भाव चढला आणि शेतीत न दिसणारा पैसा खाणीत दिसू लागला. यात त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पोटासाठीच माणूस खणतो. पण काही शिरांत सोन्याच्या संगतीनं शिसं होतं, आणि तेही भरपूर.

दगड पोत्यांत भरून घरी येत. बायका ते अंगणात फोडत, उखळात कुटत. मग ते दळायचे कुठे? तर धान्याच्या गिरणीत. होय, पीठ दळायची तीच गिरणी. पिठासारखी बारीक धूळ उडे आणि चुलीवर, पाण्याच्या भांड्यांवर, अंथरुणावर बसे. शेवटी पारा घालून सोनं गोळा करायचं आणि पारा जाळून उडवायचा. त्या धुराचं विष आणखी वेगळंच.

लहान मुलं आकडी येऊन दगावू लागली. आधी सगळ्यांना हिवताप वाटला. मार्च २०१० मध्ये परदेशी डॉक्टरांचं पथक आलं, रक्त तपासलं, तेव्हा शिसं सापडलं. दारेता आणि यारगाल्मा या दोन गावांच्या पाहणीत दिसलं, की वर्षभरात पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे चौथा हिस्सा गेला होता. साऱ्या भागात मिळून निदान ४०० मुलं गेली. रांगतं पोर माती तोंडात घालतंच, आणि कोवळं शरीर शिसं मोठ्या माणसापेक्षा जास्त शोषून घेतं.

आता मातीचं बघा. किलोभर मातीत ४०० मिलिग्रॅम शिसं, ही अमेरिकेत तेव्हा घराच्या अंगणासाठी धोक्याची रेषा मानत. इथे काही ठिकाणी ते एक लाखाच्या वर, म्हणजे किलोमागे १०० ग्रॅमहून जास्त भरलं! शिसं शेणासारखं कुजत नाही, पावसानं सहसा खोल झिरपत नाही. मातीच्या कणांना धरून वरच्या थरातच बसतं. दाण्यात ते फारसं चढत नाही, पण पालेभाजीवर धूळ बसते, कंदमुळांना माती चिकटते. नांगरलं तर मिसळतं, जात मात्र नाही.

म्हणून माती उचलावीच लागली. गावकऱ्यांनी कुदळ-फावड्यानं वरची सुमारे दोन इंच माती खरवडली, पोत्यांत भरून पुरली आणि जागी स्वच्छ माती पसरली. जून २०१० ते मार्च २०११ या काळात सात गावं झाली. घर साफ होईपर्यंत मुलाला औषध देऊन उपयोग नसे. परतलं की पुन्हा तीच धूळ. बागेगा हे मोठं गाव तर सरकारी पैशाची वाट बघत २०१३ पर्यंत खोळंबलं. तोवर तिथल्या पोरांचे उपचारही अडले.

पुढे दळण्याचं काम वस्तीबाहेर नेलं, दगड ओला करून दळायला शिकवलं. पण २०१५ साली शेजारच्या नायजर राज्यात, शिकिरा भागात, असंच शिसं घरात आलं आणि २८ मुलं गेली.