जहाजे बांधणारे वाडिया घराणे



अध्यक्षाबाईंनी यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर चार ओळी लिहावयास सांगितल्या. माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि आपले कळंब मांजरेकाठचे. समुद्राशी आपला संबंध तो काय! तरी मी जहाजे बांधणाऱ्या घराण्यावर लिहिते आहे. माझे वडील सुतार होते, आणि माझ्या धाकट्या बहिणीचे बाळंतपण परळच्या वाडिया रुग्णालयात झाले. हे वाडिया कोण, अशी उत्सुकता तेव्हापासून होती.

वाडिया म्हणजे जहाज बांधणारा. लवजी नसरवानजी हे सुरतेच्या गोदीतले पारशी सुतार. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांचे काम पाहून 1736 साली त्यांना काही सुतारांसह मुंबईस आणले. त्या वेळी जहाजाचा तळ दुरुस्त करावयाचा तर ते किनाऱ्यावर एका कुशीवर कलते करावे लागे. लवजींच्या कारकिर्दीत, 1750 साली, मुंबईत कोरडी गोदी झाली. भरतीला जहाज आत घ्यावयाचे, पाणी काढून दरवाजे बंद ठेवावयाचे, आणि तळाचे शिंपले खरवडून फळ्या बदलावयाच्या.

लाकूड सागाचे. विलायतेतील ओक लाकडात लोखंडी खिळे लवकर गंजत. सागाच्या अंगी तेल असल्याने खिळा व फळी दोन्ही टिकतात. आपल्याकडील जुन्या वाड्यांचे सागवानी दरवाजे पाहिले म्हणजे हे पटते.

आता युद्धाची गोष्ट. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांचे आरमार मुंबईहून निघाले आणि विजयदुर्गास तुळाजी आंग्र्यांची जहाजे जळून खाक झाली. ज्या गोदीत लवजी मुख्य सुतार होते, तिच्याच बळावर ते आरमार उभे होते. हे वाचून मला फार वाईट वाटले. पण त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हेही तितकेच खरे. आपलेच आरमार बुडविण्यास आपण हातभार लावला. त्याचा दोष वाकस चालविणाऱ्या कारागिराच्या माथी मारून कसे चालेल?

लवजी 1774 साली वारले. पुढे माणेकजी व बमनजी या मुलांनी काम सांभाळले. 1782 साली इंग्रज व फ्रेंच यांच्यात समुद्रावर लढाया झाल्या, तेव्हा इंग्रजांची मोडकी जहाजे दुरुस्तीसाठी मुंबईस आली. फ्रेंचांपाशी या बाजूस अशी गोदी नव्हती. सुताराच्या हातावर लढाईचे पारडे असे झुकते.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी, की लवजींनी फ्रामजी व जमशेटजी या नातवांना दरमहा 12 रुपयांवर साध्या सुताराप्रमाणे कामास लावले. घरचे म्हणून सवलत दिली नाही. त्याच जमशेटजींनी 1810 साली 74 तोफांचे ‘मिंडन’ जहाज बांधले. त्यांचे 1813 सालचे ‘कॉर्नवॉलिस’ पुढे चीनच्या युद्धात होते. 1842 चा नानकिंगचा तह त्याच जहाजावर झाला. मुंबईत बांधलेले 1817 सालचे ‘त्रिंकोमाली’ तर आजही इंग्लंडात पाण्यावर तरंगते आहे. आणि याच घराण्याने 1926 साली परळचे ते रुग्णालय उभे केले.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. या हकिकतीत मुलगे, नातू सर्वांची नावे मिळाली. सुरतेचे बिऱ्हाड मोडून मुंबईस संसार मांडणाऱ्या बाईचे नाव मला मिळाले नाही. माझ्या वडिलांनीही रंधा भावांच्या हाती दिला. मी भुसा गोळा करून चुलीत घालीत असे.

गेल्या वर्षी माझी मुलगी आयटीआयमध्ये सुतारकाम शिकते म्हणाली, तेव्हा मीच “मुलीच्या जातीला कशाला?” म्हणून नको म्हटले होते. हे लिहिताना माझी चूक मला कळली. यंदा तिचे नाव घालावयास मी स्वतः बरोबर जाणार आहे. वडिलांचा रंधा अजून माळ्यावर आहे, तो तिला देईन.