निकामी हात की न वापरलेला हात?

अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेली व्यक्ती आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली असते. एक हात अंगाशी दुमडलेला आणि सगळी कामे दुसऱ्या हाताने. मेंदूच्या ज्या भागाकडून त्या हाताला आज्ञा जात होत्या, तो भाग रक्तपुरवठा तुटल्याने किंवा रक्तस्रावाने मेला. म्हणून हात गेला, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. हे खरे आहे, पण पुरेसे नाही. त्या हाताच्या दुबळेपणाचा काही भाग इजेमुळे आलेला नसून चक्क ‘शिकलेला’ असू शकतो. हे दाखवून देणाऱ्या एडवर्ड टॉब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनाची ही हकिगत आहे.

तिची सुरुवात १८९५ साली इंग्लंडमध्ये होते. मॉट आणि शेरिंग्टन या दोघांनी माकडाच्या एका हातातून मज्जारज्जूकडे संवेदना नेणारे चेतातंतू कापले. स्नायूंकडे आज्ञा नेणारे तंतू शाबूत होते. तरीही माकडाने तो हात वापरणे सोडून दिले. यावरून निष्कर्ष निघाला की, संवेदना नसेल तर हेतुपूर्वक हालचालही होत नाही. शेरिंग्टन पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले आणि हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत रुळला.

१९५० च्या दशकात टॉब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग पुन्हा हाती घेतला, पण त्यात एक बदल केला. माकडाचा चांगला हात त्यांनी बांधून ठेवला. आता अन्न घ्यायचे तर बधिर हातानेच घ्यावे लागणार होते, आणि माकडाने ते घेतले! इतकेच नव्हे, दोन्ही हातांच्या संवेदना तोडलेली माकडेही हात वापरू लागली. म्हणजे एक हात बधिर झाला तर तो निरुपयोगी आणि दोन्ही झाले तर दोन्ही उपयोगी! या कोड्याचे उत्तर काय असेल? पुढे वाचण्यापूर्वी ते वर्गात विचारून पाहावे.

टॉब यांचे उत्तर असे होते. शस्त्रक्रियेनंतर मज्जारज्जूला धक्का बसतो आणि काही काळ तो हात खरोखरच हलवता येत नाही. माकड प्रयत्न करते, घास पडतो, तोल जातो. प्रत्येक प्रयत्नाला अपयशाची शिक्षा मिळते. उलट उरलेल्या तीन पायांवर त्याचे बरे भागते. काही महिन्यांनी धक्का ओसरतो, हात हलू शकतो. पण तोवर ‘हा हात वापरायचा नाही’ हा धडा पक्का झालेला असतो. माकड पुन्हा प्रयत्नच करत नाही, त्यामुळे हात सुधारला आहे हे त्याला कळतही नाही. दोन्ही हात बधिर असले की मात्र चांगल्या हाताचा आधार नसतो, म्हणून प्रयत्न सुटत नाही. या प्रकाराला टॉब यांनी ‘शिकलेला अवापर’ म्हटले. अर्धांगवायूच्या रुग्णातही हेच घडत असावे, असा तर्क त्यांनी १९८० साली मांडला.

पण त्यापुढचे पान वेगळे आहे आणि ते वगळून हा इतिहास सांगणे आम्हा संशोधकांना शोभणारे नाही. १९८१ च्या सप्टेंबरमध्ये पोलिसांनी मेरिलँड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग येथील टॉब यांच्या प्रयोगशाळेवर छापा घातला आणि १७ माकडे ताब्यात घेतली. पिंजरे घाणेरडे होते. काही माकडांनी स्वतःचीच बधिर बोटे चावून तोडली होती. खटल्यात सुरुवातीला सहा आरोप सिद्ध ठरले, अपिलात एक उरला, आणि १९८३ साली तोही रद्द झाला. मात्र तो रद्द होण्याचे कारण असे की, केंद्र सरकारच्या निधीवर चालणाऱ्या संशोधनाला राज्याचा कायदा लागू होत नाही, असे न्यायालयाने ठरवले. टॉब यांचे अनुदान थांबले, काम बंद पडले. या प्रकरणाने उठलेल्या वादळाचा परिणाम म्हणून १९८५ साली अमेरिकेतील प्राणिकल्याण कायदा अधिक कडक झाला.

१९८६ साली टॉब अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम येथील शाखेत गेले आणि माणसांवरील उपचाराकडे वळले. रुग्णाचा चांगला हात दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक वेळ, झोळीत किंवा जाड हातमोज्यात अडकवायचा. दुबळ्या हाताने रोज काही तास सराव करायचा. प्रत्येक काम छोट्या पायऱ्यांत विभागायचे, पायरी जमली की शाबासकी द्यायची आणि मगच थोडी अवघड पायरी आणायची. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत उपचार घेणारे रुग्ण अवघे चार होते. झटका येऊन वर्षाहून अधिक काळ लोटलेल्या या रुग्णांत सुधारणा दिसली. पुढे सात केंद्रांत २२२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. २००६ साली तिचे निष्कर्ष आले. ठरावीक कामे करायला लागणारा वेळ वर्षभरात उपचार घेणाऱ्यांत ५२ टक्क्यांनी घटला, तर नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांत २६ टक्क्यांनी.

दरम्यान १९९१ साली सिल्व्हर स्प्रिंगच्या त्याच माकडांपैकी काहींच्या मेंदूची तपासणी प्रसिद्ध झाली. हाताच्या संवेदना जेथे पोहोचत, तो मेंदूचा १० ते १४ मिलिमीटर रुंदीचा पट्टा आता चेहऱ्याला स्पर्श केल्यावर जागा होत होता. प्रौढ मेंदूचा नकाशा इतका बदलू शकतो, हे तोवर कोणाला वाटले नव्हते.

या उपचाराला मर्यादा आहेत. मनगट आणि बोटे थोडी तरी उचलता येणाऱ्यांनाच तो लागू पडतो. झटक्यानंतर लगेचच अति सराव केला तर अधिक फायदा होतो असेही नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ५२ रुग्णांच्या चाचणीत जास्त सराव करणाऱ्या गटाची प्रगती उलट कमीच झाली.

म्हणून हा विषय शिकवताना दोन प्रश्न मुलांसमोर शेजारी शेजारी ठेवावेत. एखादा हात हलत नाही, एवढ्यावरून तो हलू शकत नाही असे म्हणता येईल का? आणि हे ज्ञान ज्या पिंजऱ्यांतून आले, ते तसेच ठेवणे या ज्ञानासाठी गरजेचे होते का? पहिल्याचे उत्तर प्रयोगाने मिळाले. दुसऱ्यासाठी प्रयोगाची गरज नव्हती. पिंजरे स्वच्छ ठेवून आणि जखमांना मलमपट्टी करूनही तोच निष्कर्ष निघाला असता.